कंपाउंडरचं पोट

दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. दर सहा महिन्यांनी मी औषधांची खोली आवरतो, तारीख उलटलेल्या गोळ्या बाजूला काढतो. किस्स्यांना तारीखच नसते, त्यामुळे ते डोक्यातून काही निघत नाहीत. त्यात आमचा दवाखाना पोटाचा. छातीत दुखणारा माणूस घाबरून गप्प बसतो. पोटाचा पेशंट मात्र बाकावर टेकला न टेकला की शेजारच्याला सांगायला लागतो, काल काय खाल्लं, कुणी वाढलं आणि मग ते कुठे जाऊन अडकलं.

मी भास्कर. चिखलीला डॉक्टरसाहेबांकडे अठ्ठावीस वर्षं कंपाउंडर आहे. डॉक्टरसाहेब मूळचे पुण्याचे, त्यांच्याजवळ राहून माझी भाषा धड इकडची राहिली नाही, धड तिकडची झाली नाही. घरी गेलो की मात्र आपली वऱ्हाडी. म्हणजे होती. आता घरी बोलायला कुणी नाही.

माझी बायको शोभा अकरा महिन्यांपासून पुण्यात आहे. मुलीला मुलगी झाली, मुलीची नोकरी, म्हणून 'तीन महिने जाऊन येते' सांगून गेली. तिनाचे सहा झाले, सहाचे अकरा. मला ती परत हवी आहे. एवढं साधं वाक्य, पण मी आजवर कुणाला बोललो नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही काही तिला फोन करून सांगणार नाही.

असो. किस्से सांगायला बसलो होतो.

•

पहिला मान देऊळघाटच्या पुंडलिकरावांचा. लेक चिखलीत दिलेली, म्हणून औषधालाही चिखलीलाच यायचे. छातीत जळजळ, आंबट ढेकर. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, बाहेरचं काय खाता? ते म्हणाले, रोज सकाळी स्टँडाजवळच्या हॉटेलात वडा, दोन प्लेटा. साहेबांनी ते हॉटेल पाहिलेलं. वड्याच्या वरपर्यंत तिखट सांबार भरून देतात, वर फुकट आणखी. साहेबांनी बजावलं, वडा आठवड्यातून एकदा, आणि सांबार पूर्ण बंद, थेंबभरही नको. मी नेमका तेव्हा पलीकडे इंजेक्शन देत होतो.

महिन्याने पुंडलिकराव आले. जळजळ तशीच, उलट जास्त. चेहरा पडलेला. म्हणाले, साहेब, तुमच्या शब्दाखातर सांबार सोडला, वावरातले दोन वाफे उपटून ढोरांपुढे टाकले, घरात बायकोसोबत रोज भांडण, कारण सांबाराशिवाय भाजी म्हणजे काय भाजी? बाजारात जुडी दिसली तर मान फिरवून घेतो.

"वावरात सांबार?" डॉक्टरसाहेब माझ्याकडे पाहायला लागले.

आता आमच्या वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे साहेबांना इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि विचारलं, मग हॉटेलात वड्यासोबत मिळतं ते?

"ते व्हय? ते तं दाळ आहे," पुंडलिकराव म्हणाले. "ते चालू आहे ना. घरच्या भाजीले चव नाई म्हणून तेच दोन वाट्या जास्त पिऊन राह्यलो."

त्या दिवसापासून पेशंट बोलत असताना मी आत हजर पाहिजे, असा नियम झाला. पुंडलिकरावांची दाळ बंद झाली, सांबार सुरू झाला आणि जळजळ पंधरा दिवसांत थांबली. जाताना म्हणाले, "भास्करभाऊ, सांबाराचा वास महिनाभर सपनात येत होता." सोडलेली गोष्ट किती आठवते, ते मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं होतं. शोभा तेव्हा घरी होती.

•

राजूभाऊ चिखली ते डोणगाव काळी-पिवळी जीप चालवतो. त्याचं जेवण म्हणजे सीट भरेपर्यंत. दहावी सवारी चढली की डबा बंद. चार मिनिटांत तीन पोळ्या गिळायचा आणि वरून अर्धी बाटली पाणी. मग मेहकरच्या रस्त्याला लागलं की पोट नगारा. डॉक्टरसाहेबांनी त्याला समजावलं, पोटात दात नसतात, तोंडाचं काम पोटाने किती करायचं? प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा. राजूभाऊ सरळ माणूस. त्याने बत्तीस म्हणजे बत्तीसच धरले.

दुसऱ्या दिवसापासून जीप भरली तरी हलेना. सवाऱ्या आत घामाघूम, आणि हा बाहेर बोनेटवर डबा ठेवून चावतोय. एका म्हाताऱ्या बाईने विचारलं की बाबू, काऊन थांबलास, तर याने तोंड उघडता येत नाही म्हणून बोटांनी एकवीस दाखवले. तिला वाटलं, एकवीस सवाऱ्या बसवणार आहे. ती उतरूनच गेली.

पुढे सवाऱ्यांनाच सवय लागली. चार-पाचजण मिळून मोजायला लागले, एकतीस, बत्तीस, गिळ बे! आणि गंमत म्हणजे त्याचं पोट खरंच सुधारलं. साहेबांना वाटतं बत्तीस वेळा चावल्याने सुधारलं. राजूभाऊ मला म्हणाला, "भाऊ, माहा घास कोणी मोजते, यानंच बरं वाटते."

मी माझा डबा दवाखान्याच्या मागच्या खोलीत उभ्या उभ्या खातो. मेसचा डबा आहे, वाईट नसतो. पण मोजायला कुणी नाही.

•

आग्रहाने पोट बिघडणं हा आमच्याकडे वेगळा आजारच म्हणावा लागेल. डोणगावच्या एका मास्तरांच्या मुलीचं नवीन लग्न झालं. मास्तर व्याह्यांकडे जेवायला गेले की व्याही यांच्या ताटावर ओणवे होऊन वाढायचे. नाही म्हटलं तर अपमान, हो म्हटलं तर दुसऱ्या दिवशी आमच्या बाकावर. मास्तर रडकुंडीला आले. शेवटी डॉक्टरसाहेबांनी दवाखान्याच्या छापील कागदावर लिहून दिलं, सही-शिक्क्यासह: 'यांस जेवताना आग्रह करू नये.'

मास्तरांनी पंगतीत तो कागद व्याह्यांना दिला. व्याह्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, यात जिलबीचं नाव कुठे आहे?

खरी मजा नंतर. महिन्याभराने व्याही स्वतः दवाखान्यात आले, तोच कागद घेऊन. मला म्हणाले, "असंच एक माह्या नावानं पाहिजे. आता ते मले जेवाले बलावून राह्यले."

•

आता हा किस्सा मी सहसा सांगत नाही.

रामदासबाबा ऐंशीच्या पुढचे. पोटात जखम निघाली होती, औषधाने भरत आली, पण तिखट बंद. आयुष्यभर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि भाकर खाल्लेला माणूस, त्याला मुगाची खिचडी आणि ताक. सून एकदा तक्रार घेऊन आली. म्हणाली, बाबा रोज ताटात ठेचा वाढायला लावतात. नाही वाढला तर जेवत नाहीत.

डॉक्टरसाहेब चिडले. ते सहसा चिडत नाहीत, पण अशा गोष्टीत त्यांना थट्टा चालत नाही. वजन उतरणं, काळी शी, गिळताना अडकणं, असलं कुणी हसण्यावारी नेलं की ते टेबलावर हात आपटतात. बाबांना म्हणाले, तुम्हाला बरं व्हायचंय की नाही?

बाबा शांतपणे म्हणाले, "खात नाई साहेब. नुसता पाह्यतो. पाहाले तं मनाई नाई ना?"

सुनेने मान हलवली. खरंच, बाबा ठेच्याकडे बघत बघत खिचडी संपवायचे आणि ठेचा तसाच सुनेच्या ताटात सारायचे. डॉक्टरसाहेबांनी पेन उचललं आणि पथ्याच्या कागदावर लिहिलं, 'ठेचा: फक्त पाहणे.'

सगळे हसले. मला हसू आलं नाही. तेव्हा शोभाला जाऊन चार महिने झाले होते, आणि जेवताना मोबाईल भिंतीला टेकवून मी नातीचे व्हिडिओ बघायचो. नातीचे म्हणजे, नात जिच्या मांडीवर असायची तिचे.

•

सिंधूताईंची अॅसिडिटी काही केल्या जात नव्हती. रिकाम्या पोटी चहा सोडला, शेंगदाण्याची चटणी सोडली, जेवून लगेच आडवं व्हायचं सोडलं. गोळी जेवणाआधी अर्धा तास, ती रोज सातला घेत होत्या. सगळं बरोबर, आणि गुण शून्य.

मला आत उभं केलेलं होतंच. मी आमच्या पद्धतीने विचारलं, ताई, गोळी सातला घेता, मग भाकर किती वाजता खाता? तर म्हणाल्या, मालक आले की. मालक कधी येतात? वावरातून येऊन पारावर बसतात, मग त्यांच्या मनात येईल तेव्हा, दहालाही येतात. गोळी बिचारी सातपासून वाट पाहत पोटात बसलेली.

साहेब म्हणाले, तुम्ही आधी जेवून घेत जा. ताईंनी ऐकलंच नाही असं केलं. बत्तीस वर्षांत जे केलं नाही ते एका गोळीसाठी त्या करणार नव्हत्या. त्यात जबरदस्ती नव्हती बरं का, मी विचारलं. म्हणाल्या, "एकटीले घास उतरतच नाई."

मग डॉक्टरसाहेबांनी पुढच्या खेपेला नवऱ्याला बोलावलं आणि फार गंभीर तोंड करून सांगितलं, या गोळीचा परिणाम व्हायचा असेल तर ती घरच्या माणसाने स्वतःच्या हाताने द्यावी लागते, सातला, आणि साडेसातला सोबत जेवावं लागतं. नवरा घाबरला. तो रोज सातला घरी यायला लागला. वीस दिवसांत ताई खणखणीत! गोळी बंद केली तरी चालेल असं साहेब म्हणाले, तर ताईंनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, बंद करू नका, नावापुरती लिहून ठेवा.

गोळी अजून चालू आहे. कॅल्शियमची आहे.

•

आता माझं. अठ्ठावीस वर्षं लोकांना सांगतो, सावकाश खा, वेळेवर खा, खाल्ल्यावर शतपावली करा. आणि दिवाळीनंतर माझंच पोट बसलं. दोन घास खाल्ले की पोट गच्च. ढेकर नाही, भूक नाही. काउंटरमागे मी गुलाबी औषधाची बाटली ठेवायला लागलो आणि पेशंटची पाठ वळली की एक झाकण. डॉक्टरसाहेबांनी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा मलाच टेबलावर झोपवलं.

दुर्बीण टाकून तपासणी केली. ती नळी घशातून उतरताना काय होतं ते मी हजारदा लोकांना 'काही होत नाही' म्हणून सांगितलेलं आहे. तो माझा खोटेपणा होता, माफ करा.

रिपोर्ट आला. सगळं साफ. जखम नाही, सूज नाही, काही नाही. साहेब खूश होऊन म्हणाले, भास्कर, जठर तिशीतल्या माणसाचं आहे. आणि मला काय वाटलं सांगू? मला वाईट वाटलं. लहानशी तरी जखम निघायला हवी होती. म्हणजे मला फोन करून सांगता आलं असतं, असं असं निघालंय. मग ती दुसऱ्या दिवशी गाडीत बसली असती, आणि मी बोलावलं असंही झालं नसतं.

डॉक्टरसाहेब माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "भास्कर, वहिनींना सरळ सांगा ना, या म्हणून."

मी म्हटलं, साहेब, मुलीची नोकरी आहे, लेकरू लहान आहे. ते बरोबरच होतं. पण खरं कारण ते नव्हतं. तीस वर्षांच्या संसारात मी तिला 'ये' असं कधी म्हणालो नव्हतो. कधी गरजच पडली नव्हती, ती घरातच असायची. आता ते कसं म्हणतात हेच मला येत नव्हतं.

•

तरी फोन केला. दुपारच्या सुट्टीत ती करतेच, त्या दिवशी मी केला. तिने नेहमीप्रमाणे विचारलं, जेवले का? मी म्हटलं, हाव. आणि मग जे म्हणायचं ते तोंडाशी आलं, आणि मी म्हणालो, "ओवा कुठी ठेवला?"

तिने सांगितलं, खालच्या फळीवर, पिवळ्या झाकणाच्या डब्यात. तो डबा माझ्या हातातच होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हिंमत केली. पुन्हा जमलं नाही. विचारलं, हिंग कुठे आहे? तिने सांगितलं. तिसऱ्या दिवशी काळं मीठ. चौथ्या दिवशी जिरं. सांगताना ती घर डोळ्यांपुढे आणायची, डावीकडे, त्याच्या मागे, नाई नाई, त्याच्या खाली. मला ते ऐकायला फार बरं वाटायचं. पाच मिनिटं ती आमच्या सैपाकघरात असायची.

पाचव्या दिवशी मी बडीशेप विचारली. मागे नात रडत होती. ती म्हणाली, जिऱ्याच्या बाजूले, एवढंच. आणि फोन ठेवला. त्या दिवशी तिने जेवले का हे विचारलंच नाही, ते मला दिवसभर लागलं.

पुढचे तीन दिवस तिचा फोन नाही. माझाही नाही. विचारायला डबे संपले होते.

•

इथवरचं कालपर्यंतच सांगून झालं होतं. चौथा दिवस, म्हणजे आज, बाजाराचा दिवस. दवाखान्यात बसायला जागा नाही, लोक दारापर्यंत उभे. अशा दिवशी मी मान वर करत नाही. खिडकीत बसायचं, केसपेपर ओढायचा, विचारायचं, लिहायचं, आत पाठवायचं.

एक केसपेपर ओढला. "नाव?"

"शोभा."

मग तिने मधलं नाव सांगितलं. माझं नाव. लग्नातल्या उखाण्यानंतर माझं नाव मी तिच्या तोंडून ऐकलंच नव्हतं. त्यानंतर आडनाव सांगितलं. माझा हात चालू होता, तो लिहीत गेला. मान वर केली तर ती खिडकीशी उभी, पायाशी मोठी बॅग, प्रवासाने केस विस्कटलेले. जरा वाळली होती. मागच्या माणसाने मला म्हटलं, भाऊ, लवकर करा ना.

माझं तोंड सवयीने पुढचं विचारून मोकळं झालं. "वय?"

"तुमाले मालूम नाई?"

बाकावरचे लोक ओळखीचे होते, सगळे हसले. राजूभाऊ तर मोठ्याने हसला. मीही हसलो, वय लिहिलं.

"काय त्रास आहे?"

"अन्न जात नाई."

मी लिहिलं, अन्न जात नाही.

"कधीपासून?"

"तुमाले मालूम नाई?"

या वेळी कुणी हसलं नाही. मी ती ओळ कोरी सोडली आणि केसपेपर स्वतः आत नेऊन दिला.